ट्रंकेतले बिननावाचे फोटो: व्हिक्टोरिया राणीच्या काळातले आहेत, पण साल कोणतं?

पेटीतली_पणती
नमस्कार मंडळी. वाड्याचा पुनर्विकास एकदाचा ठरला आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत अडकित्ता, चार पंचांगं, उंदरांनी कुरतडलेला शेला आणि एका बटव्यात अकरा फोटो. एकाच्याही मागे नाव नाही की साल नाही. काकांच्या मते सगळे ‘सत्तावनच्या बंडाच्या वेळचे’. कशावरून, असं विचारलं तर म्हणाले, “मला माहीत आहे.”

आठ फोटो ओळखीचे निघाले, तीन अडलेत.

पहिला अडीच बाय चार इंचांचा, जाड मरून पुठ्ठ्यावर चिकटवलेला. पुठ्ठ्याचे कोपरे गोल, कडा सोनेरी. झालरीच्या खुर्चीत एक बाई बसलीय. काळं लुगडं, पदर डोक्यावरून दोन्ही खांद्यांवर लपेटलेला. शेजारी जरीची टोपी घातलेला चार-पाच वर्षांचा मुलगा. खालची पट्टी कुणीतरी कातरीने कापलीय, त्यामुळे ‘…अँड कंपनी, बॉम्बे’ एवढंच उरलंय. मागे अल्बमचा काळा कागद चिकटून बसलाय. याच फोटोची मोठी प्रत आमच्या माजघरात फ्रेममध्ये आहे आणि त्यातल्या बाईला सगळे ‘बयोआत्या’ म्हणतात. ही माझ्या खापरपणजोबांची बालविधवा बहीण. पणजोबांना तिनेच वाढवलं, शेजारचा मुलगा म्हणजे तेच.

दुसऱ्यात पगडीवाले गृहस्थ खांबाला टेकून उभे आहेत. त्यांच्या जोड्यांमागे लोखंडी स्टँडचा पाय दिसतो. चुलतभाऊ म्हणतो, मेलेल्या माणसाला उभं करून काढलाय. (रात्री झोप नाही लागली.)

तिसरा तळहाताएवढा पत्रा आहे. त्यातल्या बाईची नथ उजव्या नाकपुडीत आहे! आमच्यात असं कुणी घालत नाही.

जाणकारांनी मदत करावी.

भाऊ_पेठकर
पगडी पुणेरी आहे की चक्रीदार? फोटो टाका, लगेच सांगतो.

काचपाटी
पेठकर, पगडीवरून साल सांगायला निघालात तर पन्नास वर्षांचा घोळ होईल. पगडी एकदा बांधून घेतली की माणूस वीस वर्षं तीच वापरायचा.

पणतीताई, सोपे दोन आधी उरकतो.

स्टँडचा पाय दिसतो म्हणजे माणूस जिवंत होता. प्रकाश कमी आणि कॅमेऱ्यातली फोटो टिपणारी काच मंद, त्यामुळे गिऱ्हाइकाला काही सेकंद स्तब्ध उभं राहावं लागे. मान हलू नये म्हणून मागून एक चिमटा लावत, त्याच स्टँडचा तो पाय. प्रेताचं वजन त्याला पेलवणारच नाही. इंटरनेटवर ‘उभे केलेले मृत’ म्हणून जे फिरतं, त्यातले बहुतेक असेच कंटाळलेले जिवंत लोक आहेत. भावाला झोपू द्या, तुम्हीही झोपा.

पत्र्याच्या फोटोला टिनटाइप म्हणतात. नाव टिन, पण असतं लोखंड. चुंबक हलकेच जवळ न्या, ओढला जाईल. ही पद्धत १८५६ची, अमेरिकेतली. यात निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यात जो पत्रा घातला तोच फोटो म्हणून हातात येतो, म्हणून आरशासारखं डावं-उजवं उलटं दिसतं. नथ डावीकडेच होती.

आता पहिला. खरा मासला तो आहे. चेहरा आणि लुगडं बाजूला ठेवा, आधी पुठ्ठा वाचा.

या मापाच्या फोटोला कार्ट द व्हिझिट म्हणतात. पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने १८५४मध्ये पेटंट घेतलं, पण साथ पसरली १८६०च्या आसपास, इंग्लंडच्या राजघराण्याचे असे फोटो बाजारात विकायला आले तेव्हा. म्हणजे काकांचं सत्तावन बाद. सुरुवातीची कार्डं पातळ आणि चौकोनी कोपऱ्यांची असत. कोपरे गोल व्हायला लागले सत्तरीच्या दशकात. जाड पुठ्ठा, मरून-काळा-बाटलीहिरवा असे गडद रंग आणि सोनेरी तिरप्या कडा ही ऐंशीच्या दशकातली फॅशन. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला अंदाज १८८० ते १८९५. मात्र कार्डं बोटीने युरोपातून यायची आणि स्टुडिओवाले साठा संपेपर्यंत वापरायचे, म्हणून दोन्हीकडे थोडी ढील ठेवा.

मागचा काळा कागद ओरबाडू नका. पाणी तर अजिबात लावू नका. टॉर्च तिरपा धरून बघा, काही छापलेलं जाणवतं का.

नऊवारी_नऊवार
आनंदीबाई जोशींचा तो प्रसिद्ध फोटो आठवतो? फिलाडेल्फियाचा, जपानी आणि सीरियन विद्यार्थिनींबरोबरचा. त्याची तारीख पक्की आहे, १० ऑक्टोबर १८८५. त्यातल्या नेसण्याशी ताडून बघता येईल ना?

शंकासूर
ताडून बघा की. तेच नेसणं माझ्या आजीच्या १९५५च्या फोटोतही आहे. म्हणजे फोटो १८८५ ते १९५५ या काळातला. निकाल लागला.

लीड्सचा_बाळ्या
शंकासूर खवचटपणे बोलला, पण मुद्दा बरोबर आहे. इकडे जुन्या फोटोंची हौस असणारे लोक बाईची बाही बघून पाच वर्षांच्या आत साल सांगतात. साठच्या दशकात घेरदार क्रिनोलिन, मग मागे उंचवटा असलेला बसल, तो जातो आणि ८३च्या सुमाराला परत येतो. ९५च्या आसपास बाह्या खांद्याशी फुग्यासारख्या. तक्ताच असतो. तो आपल्या पणज्यांना लावता येत नाही. लुगडं तेच राहिलं, दागिने तर सासूचे सुनेला. मात्र चोळीची बाही दिसत असेल तर बघा. नव्वदीच्या दशकात सुधारकी घरांत लांब बाह्यांची, लेस लावलेली जाकिटं आली होती.

पेटीतली_पणती
बाही नाही दिसत, सगळा पदरच आहे. दंडापर्यंत झाकलीय बिचारी. विधवाच ना ती, आलवण नेसलेली.

काचपाटी
थांबा. आलवण काळं असतं का?

पेटीतली_पणती
नाही, तांबडं. पण फोटो काळा-पांढराच, मग…

काचपाटी
इथेच बहुतेकांची गाडी घसरते, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या काळातल्या काचांना सगळे रंग सारखे दिसत नसत. ओल्या कोलोडियनच्या (म्हणजे चिकट रासायनिक लेपाच्या) काचेला दिसे फक्त निळा-जांभळा उजेड. पुढे १८८०च्या सुमाराला तयार कोरड्या काचा बाजारात आल्या. त्या वेगवान होत्या, पण तांबड्याला त्याही आंधळ्याच. तांबड्यासकट सगळे रंग नीट टिपणाऱ्या काचा १९०६च्या आसपास विकायला आल्या. म्हणून राणीच्या काळातल्या फोटोत तांबडं, हिरवं, पिवळं, सगळं काळपट येतं आणि निळं आकाश पांढरंफटक. निळं लुगडं करडं-पांढरं दिसतं. गोऱ्या माणसाचा उन्हाने रापलेला चेहरा उगाच सावळा येतो, निळ्या डोळ्यांची बुबुळं भुतासारखी फिकट येतात.

आता तुमच्या फोटोकडे या. काळं दिसणारं ते लुगडं आलवण असू शकतं. तसंच लग्नातला तांबडा शालूही असू शकतो, किंवा हिरवंगार इरकल. रंगावरून बाई विधवा ठरत नाही. ठरवायचं तर कपाळ आणि मनगट बघा.

नऊवारी_नऊवार
हे माहीतच नव्हतं. आमच्याकडे एका फोटोवरून ‘खापरपणजी पांढरी साडी नेसायची’ असं तीन पिढ्या सांगत आलेत!

काचपाटी
निळी असेल.

पेटीतली_पणती
कपाळ साधं दिसतंय. नाक दिसतं, पण उजवीच बाजू, चेहरा थोडा वळवलेला आहे. नथ असली तरी दिसणार नाही. गळा पदराखाली. उद्या ऑफिसातल्या स्कॅनरवर नीट स्कॅन करून टाकते.

मोडी_लागली
तोवर मला एक सांगा, घरच्या माणसांच्या जन्म-मृत्यूची काही नोंद आहे का? ट्रंकेतली पंचांगं उघडून बघा, लोक कोपऱ्यात लिहून ठेवत. श्राद्धाच्या तिथींची वही असेल. ते नसेल तर नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेतच. तिथे पूर्वज जाऊन आले असतील तर पिढ्यांची नावं मिळतात. मोडीत असेल तर फोटो काढून पाठवा.

शंकासूर
मला पहिल्यापासून एक खटकतंय. मुलगा पणजोबाच कशावरून? पणजोबांची बायको आणि त्यांचा थोरला मुलगा असेल तर फोटो १९१० वगैरेचा होतो आणि हा अख्खा धागा राणीच्या काळातून बाद.

पेटीतली_पणती
माझ्या आजोबांचे थोरले भाऊ १९०६चे. म्हणजे शंकासूरांचं गणित बसतं, अरे देवा.

काचपाटी
गणित बसेल, कागद बसणार नाही. भिंग घ्या, घड्याळजीचं असतं तसं, आणि फोटोतला उजळ भाग बघा. कागदाचे तंतू दिसतात का? रंग तपकिरी आहे आणि उजळ भाग पिवळसर पडलाय का?

पेटीतली_पणती
तंतू दिसतात. उजळ भाग लोण्यासारखा पिवळा. आणि बारीक बारीक तडे, दुधावरच्या सायीसारखे.

काचपाटी
मग तो अल्ब्युमेन कागद आहे. अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेला पातळ कागद. पातळ असल्यामुळेच तो पुठ्ठ्यावर चिकटवावा लागे. नंतरच्या जिलेटिन कागदात लेपाखाली बॅराइटाचा पांढरा थर असतो, त्यात तंतू झाकले जातात. नव्वदीच्या दशकात अल्ब्युमेन मागे पडत गेला. १९१०मध्ये मुंबईच्या स्टुडिओत जाऊन अल्ब्युमेनवर, त्यातही कार्ट द व्हिझिट मापात, फोटो काढून घ्यायला गिऱ्हाईक फारच हटवादी असायला हवं. त्या मापाची जागा मोठ्या कॅबिनेट कार्डाने कधीच घेतली होती आणि नंतर पोस्टकार्डं आली.

शंकासूर
बरं. १९१० मागे घेतो. मुलाबद्दलची शंका राखून ठेवतो.

भाऊ_पेठकर
आमच्याकडे एका फोटोखाली बारीक अक्षरात ‘मॅरियन, पॅरिस’ आहे. पणजोबा पॅरिसला जाऊन आले होते असं वडील सांगायचे.

लीड्सचा_बाळ्या
पेठकर, मॅरियन म्हणजे कार्डं छापून विकणारी कंपनी. फोटोवाल्याचं नाव वेगळं असेल बघा, मोठ्या अक्षरात. पणजोबा गिरगावापर्यंतच गेले असावेत. 🙂

भाऊ_पेठकर
वडील हयात नाहीत, नाहीतर त्यांना सांगायची हिंमत झाली नसती.

पेटीतली_पणती
तिरप्या टॉर्चचा उपयोग झाला! काळा कागद एका कोपऱ्यात फाटका आहे, तिथे तीन पिसांचा तुरा छापलेला दिसतो.

लीड्सचा_बाळ्या
प्रिन्स ऑफ वेल्सचा तुरा! युवराज एडवर्ड नोव्हेंबर १८७५मध्ये मुंबईत उतरला होता. त्या दौऱ्यानंतर ‘युवराजांचे फोटोग्राफर’ म्हणवून घ्यायची चढाओढ लागली असणार. म्हणजे फोटो १८७५नंतरचा.

काचपाटी
शक्यता चांगली आहे, पण जपून. नुसत्या तुऱ्यावरून कोणता युवराज ते कळत नाही. १९०१मध्ये एडवर्ड राजा झाला, त्याच वर्षी जॉर्ज प्रिन्स ऑफ वेल्स झाला आणि १९०५मध्ये तोही मुंबईत उतरला. आपल्याकडे कागदाचा पुरावा आहे म्हणून पहिला धरायचा. स्टुडिओवाले जुनी बिरुदंही वर्षानुवर्षं सोडत नसत, म्हणून बिरुदावरून कळतं ते ‘यानंतरचा’ एवढंच.

नावाचंही तसंच. फोटोग्राफर सॅम्युअल बॉर्न १८७०मध्ये भारत सोडून गेला, पण ‘बॉर्न अँड शेफर्ड’ ही पाटी कलकत्त्यात २०१६पर्यंत होती. उलट कधीकधी नावातला एखादा शब्द सोन्याचा असतो. फोटोग्राफर दीनदयाळ यांना निजामाने १८९४मध्ये ‘राजा’ किताब दिला, तेव्हा कार्डावर ‘राजा दीनदयाळ अँड सन्स’ असेल तर ते त्याआधीचं असू शकत नाही. तुमच्या कार्डाचं नाव कापलं गेलं नसतं तर थॅकरच्या डिरेक्टरीत पत्ता कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत आहे ते बघता आलं असतं. १८८५पासून ती अख्ख्या हिंदुस्थानची निघत होती.

कातरी चालवणाऱ्याला काय म्हणावं! अल्बमच्या खाचेत बसावं म्हणून कापतात लोक.

पेटीतली_पणती
दोन गोष्टी सापडल्यात. हात थरथरताहेत, चुका असतील तर माफ करा.

एक: पंचांगाच्या आतल्या पानावर मोडीत दोन ओळी. मोडी_लागली यांना पाठवल्यात.

दोन: बाराशे डीपीआयला स्कॅन केलं. कपाळावर, दोन भुवयांच्या जरा वर, मोहरीएवढा काळा ठिपका आहे. आणि मुलाच्या खांद्यावर जो हात आहे, त्याच्या मनगटावर पदराच्या काठाखाली तीन काळ्या रेघा. बांगड्या.

नऊवारी_नऊवार
काटा आला.

शंकासूर
ठिपका म्हणजे कुंकू की कसर? जुन्या कागदावर बुरशीचे ठिपके सगळीकडे असतात.

काचपाटी
रास्त शंका. पणतीताई, फोटो तिरपा धरा. बुरशीचा डाग बहुधा तपकिरी असतो, कडा पसरट, आणि तो पुठ्ठ्यावरही कुठे ना कुठे असतो. कसरीने खाल्लं असेल तर खड्डा दिसेल. चित्राचाच भाग असेल तर चकाकी आजूबाजूसारखीच राहील. कुंकू तांबडं, म्हणजे त्या काचेवर काळंच येणार.

पेटीतली_पणती
चकाकी सारखीच आहे. खड्डा नाही. पुठ्ठ्यावर एकही डाग नाही.

मोडी_लागली
वाचलं. पहिली ओळ: ‘शके १८०६ आषाढ, पुत्र जाहला’. दुसरी: ‘शके १८१२ माघ, गृहिणी निवर्तली’. पुढे तिथी आहे, शाई उडालीय.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण १ जानेवारीपासून शकवर्ष संपेपर्यंत ७९ मिळवायचे. म्हणजे आषाढ १८०६ हा १८८४चा पावसाळा. आणि माघ १८१२ म्हणजे १८९१ची सुरुवात, १८९० नव्हे. इथे बरेच जण एक वर्ष चुकतात.

पेटीतली_पणती
पुत्र म्हणजे पणजोबा. त्यांच्या आधीची दोन्ही मुलं वाचली नाहीत असं ऐकलंय. आणि गृहिणी म्हणजे त्यांची आई. ती गेली तेव्हा ते साडेसहा वर्षांचे असणार. खापरपणजोबा जीआयपी रेल्वेत कारकून होते, भायखळ्याला बिऱ्हाड होतं. तिचा एकही फोटो नाही असंच आम्ही समजत होतो. नावसुद्धा आजीला धड आठवत नव्हतं.

लीड्सचा_बाळ्या
मुलगा फोटोत चार-पाच वर्षांचा. १८८४मध्ये चार-पाच मिळवा.

नऊवारी_नऊवार
१८८८-८९. पुठ्ठा ऐंशीच्या दशकातला, कागद अल्ब्युमेन, तुरा ७५नंतरचा. सगळं एकाच जागी येतंय.

शंकासूर
येतंय, मान्य. पण मग घरातले सगळे ऐंशी वर्षं बयोआत्या का म्हणत होते? एवढं उघड कुंकू भिंतीवरच्या मोठ्या फोटोत कुणालाच दिसलं नाही?

पेटीतली_पणती
तोच विचार रात्रभर करत होते. आज भिंतीवरची फ्रेम उतरवली. मागे खिळे मारलेली फळी, फळी आणि फोटोमध्ये ऑगस्ट १९४९चा वर्तमानपत्राचा कागद. पणजोबा १९४६ला गेले. म्हणजे ही मोठी प्रत त्यांच्यामागे, आजोबांनी आणि त्यांच्या भावांनी करून घेतलेली.

मोठ्या प्रतीत कपाळावर काहीही नाही. तिरप्या उजेडात बघितलं तर तिथे बोटाच्या पेराएवढा भाग मंद आहे, बाकीचा कागद चकाकतो. मनगटावर पदराचा काठ चक्क ब्रशने पुढे ओढलाय. बांगड्या गायब.

काचपाटी
रिटचिंग. त्या काळी मोठी प्रत काढली की ब्रश आणि कोळशाने चेहरा ‘नीट’ करून द्यायचा रिवाजच होता. कारागिराला कुणीतरी सांगितलं असेल, बाई विधवा होती, हा डाग काढून टाका. त्याने इमानेइतबारे काढला.

जुन्या फोटोची नंतर काढलेली प्रत आणि मूळ फोटो यांत नेहमी फरक करावा तो यासाठीच. साल चुकतं, आणि असं काहीबाहीही होतं.

पेटीतली_पणती
आजीला (वय ९१) विचारलं. ती म्हणाली, मामंजी शेवटच्या आजारपणात ट्रंकेकडे बोट दाखवून ‘आईचा फोटो, आईचा फोटो’ म्हणायचे. ते बयोआत्याला आई म्हणत. आयुष्यभर. तेव्हा मुलांनी फोटो बघितला आणि तिचाच समजले. बयोआत्या गेली तेव्हा आजोबा आणि भाऊ लहान होते, चेहरा कुणाला आठवणार? शिवाय पदर, काळं लुगडं, शंका यायला कारणच नव्हतं.

ते खऱ्या आईबद्दल बोलत होते.

नऊवारी_नऊवार
…

भाऊ_पेठकर
ताई, मोठी प्रत भिंतीवरून काढू नका हो. खाली लहानसा कागद लावा फक्त.

शंकासूर
माझी शंका तांत्रिकदृष्ट्या अजून उभी आहे, पण बसवतो तिला खाली.

काचपाटी
आता कामाचं. मूळ फोटो लॅमिनेट करू नका, फेव्हिकॉल नको, प्लास्टिकच्या चिकट पानांचा अल्बम नको. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, लोखंडी कपाटात, स्वयंपाकघर आणि ओल्या भिंतीपासून लांब. मागे लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीने, पुठ्ठ्याच्या कडेला, दाब न देता. बॉलपेन चालवलंत तर पुढच्या पिढीतला काचपाटी तुम्हाला शिव्या देईल. आणि ‘१८८८’ असं ठोकून लिहू नका. ‘१८८८-८९च्या सुमारास’ लिहा, शेजारी कशावरून तेही दोन शब्दांत.

पेटीतली_पणती
लिहिलं. नावाची जागा मोकळी ठेवलीय. येत्या महिन्यात नाशिकला जाऊन तीर्थोपाध्यायांकडे चौकशी करणार आहे. मोडी_लागली, वही दाखवलीच तर फोन करेन.

आणि हो, काकांना सगळं सांगितलं. पुठ्ठा, अंड्याचा कागद, कुंकू, बांगड्या, मोडी, ब्रशने पुसलेलं कपाळ. शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाले, “मला माहीत होतं.”